धवलारणीची अर्धशिशी

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मध्येच काळी होते. पाहुणे बसलेले असले की कुणीतरी हटकून उठतं आणि टीव्हीच्या डोक्यावर थाप मारतं. कुणी म्हणतं हेड खराब झालं, कुणी म्हणतं कॅसेटला बुरशी लागली. मी म्हणते, गुमान खाली बसा आणि ऐका. त्या कॅसेटमध्ये तेवढाच भाग कामाचा आहे, बाकी नुसते पाहुणे जेवतायत.

त्या काळोखात गाते ती माझी गुणाआत्या, बाबांची थोरली बहीण. आईनं मला जन्म दिला आणि आत्यानं तोंड, असं आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात म्हणतात. खोटं नाही ते. माझं तोंड फटकळ आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आत्या सकाळी मासळीबाजारात बसायची आणि लग्नसराईत धवलारीण असायची, म्हणजे लग्नाची गाणी, धवले गाणारी. आमच्यात भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो आणि जातो. पण लग्न चालतं ते धवलारणीच्या तोंडावर. हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा, तेलाचा वेगळा, आणि सगळे तोंडपाठ. अक्षरओळख नव्हती बाईला, पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. शेवटचा धवला पुरा झाल्याशिवाय नवरी मांडव सोडत नाही, अशी आमच्याकडची रीत. तो धवला आत्यानं उचलला की ज्यांना मुली नाहीत असे बाप्येसुद्धा डोळे पुसायचे.

पण या बाईच्या मागे अर्धशिशी लागली होती, ती पाठ सोडत नव्हती. नुसतं डोकं दुखणं नव्हे. आधी डोळ्यांपुढे खवले नाचायचे. मासा साफ करताना उन्हात खवले कसे उडतात आणि चमकतात, तसे. मग त्या खवल्यांची करवतीसारखी दातेरी रेघ व्हायची, ती पसरत जायची आणि तिच्या आतलं सगळं नाहीसं व्हायचं. समोरच्या माणसाचं अर्धं तोंडच गायब! कधीकधी शब्दही सापडायचे नाहीत. "टोपली" म्हणायचं असायचं आणि जीभ नुसती चाचपडायची. खवले विझले की मग खरा घाव. अर्धं कपाळ फुटायला यायचं, ओकाऱ्या व्हायच्या, दाराच्या फटीतला उजेडही सोसायचा नाही.

उपाय सांगणारे काय, गल्लोगल्ली. सुंठ उगाळून लाव. नाकात गाईचं तूप सोड. मीठ-मिरच्या उतरवून टाक. कुणीतरी सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दुधात जिलेबी खायची. तर बुधाजी आतोबा, आत्याचा नवरा, बिचारा आदल्या संध्याकाळी जाऊन जिलेबी आणून ठेवायचा. महिनाभर केलं. आत्याचं डोकं होतं तिथंच राहिलं, उरलेली जिलेबी खाऊन मी मात्र चांगली सुटले.

शेवटी तिला डॉक्टरकडे नेलं ते तिच्या एका गिऱ्हाइकानं. सुमतीताई म्हणून नवीन पनवेलहून यायच्या, ऑफिसला जाणाऱ्या, पापलेट नीट निरखून घेणाऱ्या. एकदा आत्या त्यांना म्हणाली, "बाय, जरा डावीकडं सरका, तुमी अर्ध्याच दिसताव." दुसरी कुणी असती तर घाबरून पळाली असती. सुमतीताई टोपलीशेजारी उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "करवतीसारखी रेघ दिसते का हो? मलाही दिसते." आत्याला इतका आनंद झाला की तिनं एक पापलेट जास्तीचं टाकलं. आपल्याला बाहेरचं काही लागलेलं नाही, शिकल्यासवरलेल्या बाईलाही हेच होतं, याचाच तिला अर्धा आराम पडला.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, हे दुखणं मेंदूतलं आहे. समूळ जाईल असं सांगत नाही, पण सांभाळता येतं. उपाशी राहू नका, जागरणं नकोत, डोळ्यांवर झगझगीत उजेड घेऊ नका, रेघ दिसायला लागली की गोळी घेऊन अंधारात पडा.

"आनि लग्नात कुटं परू?" आत्या म्हणाली. "नवरा-नवरीच्या मधी?"

पण ऐकलं तिनं. बाजारात काळी छत्री आली, उन्हाकडे पाठ झाली, कमरेच्या पिशवीत गोळ्या आल्या, सकाळी भाकरी खाल्ल्याशिवाय टोपली उचलणं बंद झालं. दुखणं गेलं नाही, पण कमी झालं. आणि नेमकी तेव्हाच लग्नांत व्हिडिओ शूटिंगची टूम आली.

तेव्हाची ती शूटिंगची लाईट ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू! तोंडावर मारली की नवरीचा मेकअप वितळायचा. दयाराम तांडेलच्या मुलीच्या लग्नात ती लाईट आत्याच्या तोंडावर पडली आणि आत्या शेवटच्या धवल्यात अर्ध्यावर थांबली. पदर डोळ्यांवर घेऊन मांडवातच ओकली. पुढे महिनाभरात दयारामच्या जावयाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. झालं! धवला अर्धा राहिला म्हणून इंजिन गेलं! अरे, इंजिन काय धवला ऐकून चालतं? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. सुपारी घेऊन बोलवायला येणारे कमी झाले. आत्या वरवर म्हणायची, बरं झालं, झोप मिळते. पण पाटा-वरवंट्यापाशी बसली की गुणगुणायची, आणि कुणी आलं की गप्प व्हायची. मला ते बघवायचं नाही.

त्याच साली माझं लग्न ठरलं. नवरा कल्पेश, उरणकडचा, बंदरात कामाला. त्याची आई सोनाबाई बोलणी करायला आली आणि दोन गोष्टी सांगून मोकळी झाली. एक, शूटिंग पूर्ण पाहिजे, कारण तिचा मोठा मुलगा जहाजावर होता आणि लग्नाला येऊ शकत नव्हता. दोन, धवलारीण दुसरी आणा. "आमी आयकलाय सगला. माज्या घरात अर्धा धवला नको."

आत्या तिथंच बसली होती. पदर सावरून म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."

माझं डोकंच फिरलं. चहाचा ट्रे हातात होता तो आपटला. "आत्या नाय तर लगीन नाय," म्हटलं. आईनं चिमटा काढला, बाबांनी डोळे वटारले. सोनाबाई उठायलाच लागली होती. पण कल्पेश हसला आणि म्हणाला, "आये, हिलाच करूया. घरात बोलनारी पायजे." तिथं मी त्याच्यावर भाळले, खोटं कशाला बोलू.

नंतर आत्या मला म्हणाली, "विने, तुज्यासाटी गाईन. पन यो धवला अर्ध्यावर सुटला, तर मी परत कुनाच्या मांडवात उबी रानार नाय."

लग्न गोरज मुहूर्तावर. शूटिंगवाला महादेव, त्याला मी आदल्या दिवशी बजावलं होतं की लाईट आत्याच्या तोंडावर मारायची नाही, वर छताकडे धरायची. "काळजीच नको," म्हणाला. मेला! माळा पडेपर्यंत शहाण्यासारखा वागला. आम्ही पाटावर बसलो, गाठ बांधली, आत्यानं शेवटचा धवला उचलला, आणि याला क्लोजअपची हुक्की आली. लाईट धरणाऱ्यानं खांदा वळवला आणि तो पांढरा झोत आत्याच्या डोळ्यांवर पडला.

ती गात राहिली. गाताना नवरीला कुंकू लावायचं असतं. मुंडावळ्यांतून मी बघत होते. तिचं बोट माझ्या कपाळाकडे आलं, कपाळाच्या बाजूनं गेलं आणि हवेतच टेकलं. दोन ओळींच्या मध्ये ती पुटपुटली, "विने, तुजं अर्धं तोंड गेलं गो."

मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. सोनाबाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "बगा, सांगत होते ना."

नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं. मी ती वर केली आणि ओरडले, "लाईट बंद करा!"

महादेव म्हणाला, "अहो ताई, शूटिंग चालूय, सगळं काळं येईल!"

"येऊ दे काळं!"

"मी माज्या पोराला काय दाखवू?" सोनाबाई तरातरा पुढे आली.

"दाखवू नका," मी म्हटलं, "ऐकवा!"

विजेचा बोर्ड कल्पेशच्या पाटामागेच होता. त्यानं हात मागे घातला आणि असेल ती वायर उपटली. घाईत मांडवाच्या ट्यूबलाईटचीही उपटली. समईपुरता उजेड राहिला, बाकी सगळा मांडव अंधारात गुडुप. कुठल्यातरी पोरानं भोकाड पसरलं. आणि त्या अंधारात आत्यानं माझी हनुवटी हातात धरली आणि गायला लागली:

"खारीचं पानी चढलं गो, होरी लागली बंदराला,
लेक निंगाली सासरी गो, कुनी धरा पदराला."

धवला संपला, माझ्या हनुवटीवरचा तिचा हात सुटला. आतोबांनी तिला उचलूनच मागच्या खोलीत नेलं. निघताना मी पाया पडायला गेले, तर ती कपाळाला ओलं फडकं घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याशी एक शब्द बोलता आला नाही तिला. त्या दिवशी मी रडले ती सासरी जाताना नव्हे, त्या खोलीच्या दारात.

दुसऱ्या दिवशी तिनं आतोबांना विचारलं, "धवला कुटं सुटला?" ते म्हणाले, सुटला नाही, पुरा केलास. तिला पटेना. शब्द हरवल्याचं तेवढं तिला आठवत होतं, पुढचं सगळं पुसलेलं. मी सांगितलं, आईनं सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. "माजी समजूत घालताव," एवढंच म्हणायची. आणि बोलल्याप्रमाणे वागली. त्या सराईत कुणी चुकून सुपारी घेऊन आलं तर पाणी पाजून परत पाठवायची. घरातलं गुणगुणणंसुद्धा थांबलं. मी माहेरी गेले की ते घर मला खायला उठायचं.

पुढच्या दिवाळीत माझे मोठे दीर जहाजावरून रजेवर आले. कॅसेट लावायची म्हणून सोनाबाईनं माझ्या माहेरच्या सगळ्यांना उरणला बोलावलं. लग्नापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आत्या आली, पण टीव्ही असलेल्या खोलीत नाही. टीव्हीचं लुकलुकणं तिला सोसायचं नाही, म्हणून ती कुठंही गेली तरी बाहेर ओट्यावर पाठ करून बसायची. तशीच बसली.

हळद झाली, वऱ्हाड आलं, माळा पडल्या. मग माझं ओरडणं ऐकू आलं, सगळे हसले, आणि पडदा काळा झाला. सोनाबाईनं कपाळावर हात मारला. "ह्या बग, हिच्या पायी काय दिसत नाय."

"थांब आये," मोठे दीर म्हणाले आणि आवाज वाढवला.

महादेवचा कॅमेरा बॅटरीवर चालतो, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात नव्हतं. त्यालाही बंद करायचं सुचलं नव्हतं. काळ्या पडद्यातून आत्याचा धवला येत होता. मोठे दीर टीव्हीच्या अगदी जवळ सरकले होते, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ओट्यावरून आवाज आला, "कोन गातंय गो?"

"तूच गातेस, आत्या. आत ये. काळोख आहे, तुझ्या डोळ्यांना काही होणार नाही."

ती दबकत आत आली. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीसमोर डोळे उघडे ठेवून बसली. आपला आवाज आपण ऐकायची तिची पहिलीच वेळ. एकेका ओळीला तिचे ओठ हलत होते. "लेक निंगाली सासरी गो" आलं, आणि कॅसेटमधला आवाज थांबला. आत्याचा चेहरा पडला. तिनं माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात त्या काळोखातून एक पातळ, रडका आवाज आला: "कुनी धरा पदराला..." एकदा. पुन्हा एकदा. मग आत्याचा आवाज परत आला, त्यानं ती ओळ उचलली आणि धवला शेवटपर्यंत नेला.

"यो मदला आवाज कुनाचा?"

"माझा."

"तुजा?" आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "नवरी आपल्याच लग्नात गाते? लाज नाय वाटली? आनि काय तो सूर! म्हवऱ्याला सुटलेल्या मांजरीसारका!"

तिला शब्द सापडेनात हे मला कळलं, म्हणून तोंडातून निघालं. अंधारात तो आवाज कुणाचा ते कुणाला कळलं नव्हतं, आणि तिला वाईट वाटेल म्हणून मीही कधी सांगितलं नव्हतं.

आत्यानं मला जवळ ओढलं. इतक्या जोरात, की बांगडी पिचली माझी. "पन सुटला नाय गो, विने," ती म्हणाली. "पुरा झालाय." आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

सोनाबाई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, हिला आता राग आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विड्याचं पान आणि त्यावर सुपारी होती. माझी नणंद शकू, तिचं लग्न वैशाखात होतं. सोनाबाईनं पान आत्यासमोर ठेवलं आणि पदर पसरून वाकली.

आत्यानं डोळे पुसले. सुपारीकडे बघितलं, हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "आनि शूटिंगची लाईट?"

"ती वायर मी सोता उपटीन," सोनाबाई म्हणाली. "तुमी सुपारी उचला, विहीनबाय."