त्या सुईचं नाव

लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा माझंही बरं चाललं होतं. क्लासवाल्यांना मी प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म बनवून द्यायची. ‘रिपीटर आहात का?’ याला ‘हो’ म्हटलं की खाली मागच्या वर्षीच्या मार्कांचा रकाना उघडायचा; ‘नाही’ म्हटलं की तो दिसायचाच नाही. उघडलेला रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही, कारण पोरं मार्क लपवण्यात पटाईत. ते बघून एका सर्जनने मला त्यांच्या दवाखान्यासाठी पेशंटचा फॉर्म करायला सांगितला. “एकही रकाना रिकामा नको,” हे त्यांचं पालुपद. ‘औषधाची रिअॅक्शन आली होती का?’ याला ‘हो’ म्हटलं की ‘कोणत्या औषधाची?’ हा रकाना उघडायचा, आणि यादीतून एक नाव निवडावंच लागायचं. आम्ही करून बघितलं, सगळं झकास चाललं.

फॉर्म सुरू झाला त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन तिथेच ठरलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लिंक गेली नवऱ्याच्या मोबाईलवर. तो नांदेडला नोकरीला, त्याने तिथूनच फॉर्म भरला आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाला. त्या सकाळी, फॉर्म नवा म्हणून, मी दवाखान्याच्या काउंटरवर बसून आलेले फॉर्म तपासत होते. आत्याबाईंचा उघडला. औषधाची रिअॅक्शन: नाही.

हे खोटं होतं. भूकंपात आत्याबाईंचा पाय भिंतीखाली सापडला होता. औशाकडच्या त्यांच्या गावाबाहेर तंबूत दवाखाना थाटला होता. तिथे परराज्यातल्या एका डॉक्टरने सुई दिली, आणि बघता बघता त्यांचा चेहरा सुजला, श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. कशाबशा वाचल्या. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि ती सांगतो कोण, तर माझा नवराच. तेव्हा तो शाळकरी पोर होता, आईच्या उशाशी बसलेला.

मी त्याला फोन लावला. “अहो, रिअॅक्शनला तुम्ही नाही कसं लिहिलंत?”

“अगं, आधी हो केलं होतं. मग औषधाचं नाव मागायलं. मला काय ठाऊक? कोणतं तरी निवडल्याबिगर फॉर्म पुढंच जाईना. मग नाही केलं, तर गेला लगेच.”

यादी मीच घातली होती. राग नवऱ्यावर काढावा, सर्जनवर काढावा की स्वतःवर, हे ठरवायला वेळ नव्हता. मी फोन टाकून धावले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर खाटेवर आत्याबाई होत्या. सलाईन लागलेलं, आणि सिस्टर ऑपरेशनआधीच्या अँटिबायोटिकची सिरिंज भरत होती. “थांबा, ते देऊ नका,” मी म्हटलं, बहुधा ओरडूनच. सर्जन बाहेर आले. “कोणत्या औषधाची रिअॅक्शन?” त्यांनीही तेच विचारलं. नाव कुणालाच सांगता येईना. आत्याबाईंना ताप चढलेला, त्यामुळे ऑपरेशन फार लांबवणंही धोक्याचं. सर्जननी वेगळ्याच प्रकारचं अँटिबायोटिक काढलं आणि थेंबभर हाताच्या कातडीखाली टोचलं. काही वेळ वाट बघायची, त्रास झाला नाही तरच शिरेतून द्यायचं.

सिस्टर मधूनमधून येऊन विचारायची, “मावशी, खाज सुटतेय का? धडधड होतेय?”

“न्हाई.”

“श्वासाला त्रास?”

“न्हाई बाई. बरी हाय मी.”

सिस्टर मान हलवून जायची, पण माझा विश्वास बसेना. या बाईचं ‘न्हाई’ मला चांगलं ठाऊक होतं. अंगात ताप असताना भाकरी थापत बसायच्या आणि विचारलं तर न्हाई. खड्यांनी कळ येऊन घाम फुटला तरी न्हाई. खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे आवाजावरून कधीच कळलं नाही. टोचलेला हात त्यांनी चादरीखाली घेतला होता, थंडी वाजते म्हणून.

“आत्याबाई, हात दाखवा.”

“कशाला? काय न्हाई झालं.”

मी चादर ओढली. टोचलेल्या जागी लालभडक गांध उठली होती आणि कोपरापर्यंत चट्टे गेले होते. खाजवलं जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळून धरली होती. मी सिस्टरला हाक मारली.

ते औषधही बाद झालं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. नंतर ते तिसऱ्याच औषधावर नीट पार पडलं, आणि यादीत ‘नाव माहीत नाही’ हा पर्याय मी ऑपरेशन ढकललं त्याच दुपारी घातला. पण त्या घडीला मी आत्याबाईंवरच भडकले. “जीव गेला असता तुमचा. सांगितलं का नाही?”

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हो म्हणलं की तुमचं समदं अडतंय. ल्योक रजा टाकून निघालाय नांदेडहून. त्याला काय सांगू, माझ्यापायी ऑपरेशन ऱ्हायलं म्हणून?”