पांढऱ्या दोऱ्याची रोपं

रावेरकडच्या केळीत माझा अर्धा जन्म गेला. शाळा दुसरीपर्यंत. घरधनी वारले तशी जळगावले लेकीकडे आली अन कॉलेजातल्या एका सरांकडे रोपं सांभाळायले लागली. नव्वद सालानंतरची गोष्ट.

सर धातूची भुकटी करत, धुळीपेक्षा लई बारीक. ती पाण्यात कालवून केळीच्या रोपांले द्यायची. पिकाले मानवली तर पुढं माणसाच्या जखमेवर लावून पाहणार व्हते. निम्म्या रोपांले लाल दोरा, निम्म्याले पांढरा.

"अक्का, लाल दोऱ्याला बाटलीतलं, पांढऱ्याला नुसतं पाणी. चुकायचं नाही."

"नाय चुकत, भाऊ."

महिन्याभरात लाल दोऱ्याची गच्च हिरवी झाली, पांढऱ्याची पिवळी. मले पंगत आठवे. आमच्यात एकाले तूप वाढलं अन शेजारच्याले कोरडं ठेवलं, तर वाढणारीले पाप लागते. सर कामानं धुळ्याले गेले, तव्हा लाल रोपांच्या वाट्यातलं वाचवून मी पांढऱ्याइलेबी घोट घोट दिलं. मंग रोजच दिलं.

हंगाम सरला तशी सरांनी पट्टीनं रोपं मोजली. लाल काय, पांढरी काय, बठ्ठी सारखी.

शिपाई म्हणे, "सर, मी म्हनलो व्हतो ना, केळीले शेणखत लागते, भुकटी नाय!"

सर हसले नाय. मले म्हणे, "अक्का, पांढऱ्यांना पाणीच दिलं ना?"

"पाणीच, भाऊ."

साठ वर्सांच्या बाईनं तोंडावर खोटं सांगितलं.

सर मोरीत बाटल्या ओतायले लागले. "दोन वर्षं गेली. दम नाही या भुकटीत." दुसऱ्या बाटलीले मी हात धरला अन सांगून टाकलं.

ते स्टुलावर बसले. वही उघडली. "कधीपासून?"

"ध्यानात नाय."

"किती दिलं?"

"ज्याले जेवढं पायजे वाटलं, तेवढं."

त्याइनं पेनाचं टोपण लावलं. "अक्का, ती उपाशी राहिली असती, तर औषध खरं की खोटं ते कळलं असतं."

रागावले नाय. रागावले असते तर मी काम सोडून गेली असती.

पुढच्या हंगामात नवी रोपं आली. पांढरे दोरे सरांनी माझ्याच हातानं बांधून घेतले. ती पिवळी पडत गेली, मी खाली मान घालून नुसतं पाणी घालत गेली. पाणीच दिलं का, हे मंग सरांनी एकदाबी विचारलं नाय. विचारलं असतं तर बरं व्हतं.