आबांना कळलं पाहिजे

दुर्बीण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाला वर काय दिसतं ते विचारू नये, खाली काय दिसतं ते विचारावं. आकाश काय, सगळीकडं सारखंच. किस्से खाली घडतात. आमच्याकडं ते इतके साठलेत की कुणाच्या लग्नात आम्ही तिघं एका पंगतीत बसलो तर शेजारची मंडळी जेवायचं सोडून आमच्याकडं तोंड करून बसतात आणि वाढपी आमच्यावर चिडतात.

तिघं म्हणजे कोण ते सांगते. एक बिरदेव माने. साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दुसरे सुभेदार पवार, फौजेतून रिटायर झालेले. जीप आणि फुगा त्यांच्या ताब्यात. फुगा म्हणजे पंख्यानं फुगवायचं तारांगण. पोरं बोगद्यातून रांगत आत जातात आणि आत छतावर तारे दिसतात. तिसरी मी, चित्रकलेची बाई. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, आणि म्हणूनच मला घेतलंय, असं मानेसर माझ्या तोंडावर सांगतात. त्यांचं मुलांसाठी खगोलशास्त्राचं पुस्तक चाललंय, त्याची चित्रं मी काढते.

या पुस्तकाला एक परीक्षक आहे. सरांचे वडील, आबा. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की आबा सांगतात, "शाळंत हाय." बस, एवढंच. मास्तर आहे की शिपाई, तेही सांगत नाहीत. हे सरांना फार लागतं. बोलत नाहीत, पण लागतं. म्हणून त्यांनी स्वतःच अट घालून घेतली. प्रकरण लिहून झालं की गावी जाऊन आबांना ऐकवायचं. आबा "कळलं" म्हणाले तरच ते पुस्तकात जाणार. "बोललास झ्याक" म्हणाले की नापास, पुन्हा लिहा.

प्रकाशक डोक्याला हात लावून बसलाय.

*

पहिला किस्सा महाबळेश्वरचा. तिथल्या एका शाळेत सर सूर्यमालेचा आकार समजावत होते. सूर्य म्हणून एक मोठं डांगर ठेवलं, म्हणजे लाल भोपळा. त्या मानानं पृथ्वी मिऱ्याएवढीसुद्धा भरत नाही, तरी आम्ही मिरंच घेतलं. गुरू म्हणून स्ट्रॉबेरी. गाव महाबळेश्वर, सीझन चालू, म्हटलं पोरांना ओळखीचं वाटेल. फारच ओळखीचं वाटलं! सर मैदानाच्या त्या टोकाला शनी ठेवून परत येतात तर गुरू गायब.

सगळी पोरं एका मुलाकडं बघायला लागली. त्याच्या हनुवटीवर लाल ओघळ. तेवढ्यात मुख्याध्यापक बाहेर आले, काय गोंधळ म्हणून. पुढं बसलेली मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्यानं गुरू खाल्ला."

मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "त्यात नवीन काय? रोजच खातो."

*

दुसरा साताऱ्यातला. फुग्यात पोरं दाटीवाटीनं बसलेली, मागं एक संस्थाचालक पांढरेशुभ्र कपडे घालून सतरंजीवर. सर विश्वाच्या जन्मावर आले होते. सगळं कसं एका ठिकाणी होतं, मग कसं पसरत गेलं, अजूनही कसं पसरतंय. अगदी रंगात आले होते. नेमके तेव्हाच लाइट गेले.

लाइट गेले म्हणजे पंखा बंद, आणि पंखा बंद म्हणजे फुगा खाली. छत हळूहळू पोरांच्या डोक्यावर यायला लागलं. एक पोरगं रडायच्या बेतात आलं. तर बाहेरून सुभेदारांचा परेड ग्राउंडवरचा आवाज आला, "कोई हिलेगा नहीं! विश्व आकुंचन पावतंय, अभ्यासक्रमातच हाय!"

पोरं एकदम गप्प. बोगद्यातून शिस्तीत एकेक करून बाहेर आली. संस्थाचालकांना बाहेर काढायला मात्र वेळ लागला, कारण ते उभं राहायला बघत होते. भाषणात त्यांनी प्रयोगाचं फार कौतुक केलं. विशेषतः शेवटचा भाग फार परिणामकारक होता म्हणाले. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

*

कुंडलला दिवसाचा कार्यक्रम होता. दुर्बिणीला फिल्टर लावून सूर्यावरचे डाग दाखवायचे. शाळेची पोरं झाली, मग गावातली माणसं रांगेत आली. एका आजीबाईंनी डोळ्याला पदर लावून घेतला, मग काढला, मग दुर्बिणीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मागची रांग कुरकुरायला लागली.

"आवं, ह्येला तर वांग आलाय," आजी म्हणाल्या. "सारखं उन्हात फिरल्यावर दुसरं काय हुनार?"

त्याच रांगेत एका माजी सैनिकानं सुभेदारांना गाठलं. सूर्याचं वय किती म्हणून विचारलं. साडेचारशे कोटी वर्षं, सुभेदार म्हणाले. मग रिटायर कवा? अजून साधारण तेवढीच सर्व्हिस बाकी आहे. आणि रिटायर झाल्यावर? सुभेदार म्हणाले, रिटायर झाल्यावर आधी फुगतो, मग आकसतो आणि त्याचा श्वेत बटू होतो.

आता आमचे सुभेदार उंचीला बेताचे, आणि डोकं पांढरंफेक. पोरं एकदा सुभेदारांकडं बघायची, एकदा एकमेकांकडं. शेवटी एकानं सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं, "तुमी पयले सूर्य होता व्हय?"

"व्हय तर," सुभेदार म्हणाले. तेव्हापासून जीपमध्ये आम्ही त्यांना बटू म्हणतो. त्यांना आवडतं ते.

*

सरांच्या उजव्या भुवईवर एक मोठी खूण आहे. प्रत्येक शाळेत एक तरी पोर विचारतंच, सर, उल्का लागली का? सर म्हणतात, विहीर लागली.

लहानपणी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या विहिरीत चंद्र पडलाय. शेतातली जुनी विहीर, कडेला काहीच बांधकाम नाही. हे गेले वाकून बघायला, आणि चंद्राच्या भेटीला थेट आतच. आबांनी अंगावरच्या घोंगड्यासकट उडी टाकली आणि पोराला वर काढलं. भुवईतून रक्त येतंय, पोर खोकतंय, आणि आबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सणसणीत एक कानाखाली वाजवली. "बुडण्यापेक्षा ती जास्त लागली," सर सांगतात आणि पोरं हसतात.

त्या विहिरीबद्दल आबा नंतर कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि सरांनीही कधी काही विचारलं नाही. दोघंही तसलेच.

*

आता परीक्षा. ग्रह, ऋतू, ग्रहणं ही प्रकरणं आबांकडून पास होऊन आली. प्रकाशवर्षाला अडलं. सर सांगत होते, प्रकाशवर्ष हे वर्ष नाही, अंतर आहे. आबा म्हणाले, "वर्स म्हनतूस आन्‌ अंतर सांगतूस, ह्ये कसलं रं?" आणि पुढं "बोललास झ्याक."

सर दोन घास जेवून उठले. मला राहवेना. मी सहज विचारलं, आबा, मेंढरं घेऊन कोकणात उतरता ते किती लांब? आबा म्हणाले, लय लांब, धा-बारा मुक्काम. मी म्हटलं, मुक्काम हे अंतर का दिवस?  आबा मोठ्यानं हसले. "म्हंजी उजेडाचं मुक्काम म्हना की! कळलं."

सर म्हणाले, बाई, हे वाक्य मी पुस्तकात घेतो. मी म्हटलं, घ्या, पण चहा पाजा. अजून पाजलेला नाही.

*

आणि मग आलं कृष्णविवर. त्यानं आम्हाला सहा-आठ महिने छळलं.

माझं चित्र सगळ्यात आधी तयार झालं, कारण अख्खं पान काळं रंगवायचं होतं. प्रकाशकाचा फोन आला, बाई, पान चुकून पूर्ण काळं आलंय, चित्र पुन्हा पाठवा.

आबांपुढं मात्र डाळ शिजेना. सरांनी घोंगडं चौघांना ताणून धरायला लावलं, मधे दगड ठेवला, कडेनं गोट्या सोडल्या. गोट्या गरगर फिरून दगडापाशी गेल्या. बघा आबा, जड वस्तूकडं सगळं असं ओढलं जातं. आबा म्हणाले, "बोललास झ्याक. घोंगडं झाडून ठिव." दुसऱ्या खेपेला व्हिडिओ दाखवला. आबा व्हिडिओ संपायच्या आत घोरायला लागले. तिसऱ्या खेपेला आबा "बोललास झ्याक"सुद्धा म्हणाले नाहीत. नुसते उठून मेंढरांकडं गेले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सर म्हणाले, हे प्रकरण काढून टाकतो. इतक्या वर्षांत मी त्यांना माझं काम सांगू शकलो नाही, पोरांना काय सांगणार?    मला फार वाईट वाटलं त्यांचं.

*

काढून टाकायच्या आधी एकदा पोरांपुढं बोलून बघा, असं सुभेदारांनी गळी उतरवलं, आणि कार्यक्रम ठरवला तो थेट सरांच्याच गावात. ग्रामपंचायतीला मेसेज गेला, "संध्याकाळी पाच वाजता, कृष्णविवर : माहिती व शंकासमाधान." तिथल्या फळा लिहिणाऱ्याला वाटलं, शहरातल्या माणसांनी लिहिण्यात चूक केलीय. त्यानं ती मनापासून सुधारली आणि फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, "कृष्णा विहीर योजना : माहिती व शंकासमाधान."

ज्या गावानं कृष्णेच्या पाण्याची वाट बघण्यात दोन पिढ्या घालवल्या, तिथं हा फळा! आम्ही पोचलो तर पोरं पुढं मूठभर, आणि मागं सगळं गाव. माणसं सातबाऱ्याचे उतारे घेऊन आलेली. चावडीच्या खांबाला टेकून आबाही बसलेले. सर माइकपाशी गेले तोच पहिला प्रश्न आला, आमच्या वस्तीवर कवा येनार?

सरांना कळेना, काय कवा येणार? सुभेदारांनी फळा वाचला आणि सरांच्या कानात सांगितलं. सरांचा चेहरा पडला. पण माणूस सरळ. त्यांनी हात जोडून सांगून टाकलं की ही विहीर आपल्या नदीची नव्हे, आकाशातली आहे. हजारो प्रकाशवर्षं लांब. ती आपल्याकडं येणार नाही. कधीच येणार नाही.

माणसं उतारे घडी घालून खिशात ठेवायला लागली. मला वाटलं, आता जीप गाठावी. तर मागून एक म्हातारा उठला.

"बसा रं समदी," तो म्हणाला. "येनार न्हाई म्हनून तोंडावर सांगनारा ह्यो पयलाच सायब हाय. ह्येचं ऐकूया."

गाव हसलं आणि खाली बसलं. सरांनी स्लाइड बंद केल्या. विहिरीसाठी आलाय ना, मग विहिरीचंच सांगतो म्हणाले, आणि गावच्या बोलीत सुरू झाले. विहिरीच्या तळातनं चेंडू वर फेकायचा. विहीर उथळ असली तर सहज बाहेर येतो. जितकी खोल, तितकी ताकद जास्त लागते. आता अशी विहीर समजा, की कितीबी ताकद लावा, चेंडू वर यायचा न्हाई. आन्‌ जगात सगळ्यात जोरात पळतो तो उजेड. तळातनं बॅटरी मारली तरी तो उजेडबी काठावर यायचा न्हाई. म्हणून ती काळी दिसते. एखादा तारा मरताना सोताच्याच वजनानं आत आत खचत जातो, आन्‌ तितं अशी विहीर हुते.

पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मोठी माणसंही. मी मात्र खांबाकडं बघत होते. आबा मान खाली घालून बसले होते. झोपले की काय, असं मला वाटलं.

सर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का?

खांबापाशी हात वर झाला. कृष्णविवराबद्दल आबांनी आजवर पोराला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"तिला कठडा हाय का?"

 सरांनी माइक खाली घेतला. "न्हाई, आबा," ते म्हणाले. "एक हद्द हाय. अलीकडं हाय तवर माघारी फिरता येतं. पलीकडं गेलं की संपलं. पन ती हद्द डोळ्याला दिसत न्हाई."

आबांनी घोंगडं खांद्यावर नीट केलं आणि उठले.

"मग पुस्तकात ते आधी लिव्ह, बिरू," ते म्हणाले. "पोरं वाकून बघत्यात."