अर्ध्या मात्रेचा उशीर

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या गृहस्थांचं आयुष्य दुसऱ्यांच्या गाण्यांत गेलं. स्टुडिओत वेळेवर जायचं, समोरचा कागद वाचून वाजवायचं, मुकाट्याने घरी यायचं. कॅसेटच्या वेष्टनावर गायिकेचं नाव असे, संगीतकाराचं असे, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा असे. वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती आणि यांनीही कधी तोंड उघडलं नाही.

एका गाण्यात मात्र घोळ झाला. रेकॉर्डिंग चालू असताना कागदाची दोन पानं एकमेकांना चिकटली. ती सोडवता सोडवता हे अर्धी मात्रा उशिरा घुसले. आता सगळ्यांसमोर आपली खरडपट्टी निघणार, असं यांना वाटलं. पण काचेपलीकडून संगीतकार म्हणाले, "राहू द्या. बरं वाटतंय." लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं, तेही त्या थबकण्यासाठी. पुढे चांगले चांगले वादक तसंच थबकायला शिकले. ते थबकणं मुळात कुणाचं, हे स्टुडिओतली चार माणसं आणि यांच्या घरचे सोडले तर कुणाच्या गावीही नव्हतं.

मग एकच माणूस संगणकावर सगळी वाद्यं वाजवू लागला आणि यांना बोलावणी येणं थांबलं. वर्षभर हे नुसतेच क्लॅरिनेट पुसत बसले. शेवटी सुनेने मनावर घेतलं.

"बाबा, आता कुणाच्या फोनची वाट कशाला बघायची? आपणच टाकू इंटरनेटवर. तुमच्या नावाने."

पंखा बंद, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट सताड उघडं आणि फोन पुस्तकांच्या चळतीवर. असे दोन-तीन तुकडे चढले. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या शिक्षिकेने बोटं कशी ठेवता म्हणून विचारलं, तर हे दोन दिवस जमिनीवर नव्हते. मग मात्र त्यांनी हट्टच धरला. तो थबकण्याचा तुकडा आपल्या नावाने टाकायचाच. डोळे मिटण्याआधी एवढं तरी व्हायला हवं.

टाकला, आणि चहा निवायच्या आत तो उतरवला गेला. यंत्राने सूचना धाडली होती, की हे वादन एका कंपनीच्या मालकीच्या रेकॉर्डिंगशी जुळतं. दाद मागायच्या अर्जात विचारलं होतं, तुमचा या रेकॉर्डिंगशी संबंध काय? मालक, परवानाधारक, प्रतिनिधी. सुनेने यादी तीनदा खालीवर केली. 'वाजवणारा' असं त्यात कुठे नव्हतंच.

"त्या थबकण्यावरच पकडत असणार, बाबा. एकदा वेळेवर वाजवून बघता?"

यांच्या अगदी जिवावर आलं. पण वाजवलं, कागदावर होतं तसं, बिनचूक. ते विनातक्रार चढलं आणि टिकलं. दुपारी त्याखाली कुणीतरी काहीतरी लिहिलं. सून वाचून दाखवायला टाळाटाळ करू लागली, तेव्हा यांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं.

'काका, प्रयत्न चांगला. पण ती थांबायची जागा काही तुम्हाला जमली नाही. मूळ वादकाला नीट ऐका.'

फार लागलं त्यांना ते. त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला.

"हे काढून टाक," ते म्हणाले. "आधीचं लाव."

"अहो बाबा, ते पुन्हा उतरवतील."

"उतरवू दे. त्या यंत्राला निदान कळतंय तरी, की हा तोच माणूस आहे."