तात्यांचं कुत्रं आणि माझा तक्ता

बारामतीत जीवशास्त्राच्या शिक्षकांपुढे तासभर बोलायचं बोलावणं आलं आणि मी इतका फुगलो की शर्टाचं वरचं बटण लागेना. नव्वदचं दशक संपत आलेलं. विषय डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार. तक्त्यावर फांद्या फुटलेली पेशी काढून खाली ठळक लिहिलं: ‘परका दिसला की आरडाओरडा!’

आदल्या सकाळी रंगीत तालमीला कळसला चुलत्यांकडे गेलो. तात्या अजून थोडी मेंढरं राखून होते. मी वर्षभरानं येत होतो, त्यामुळे त्यांचं कुत्रं असं अंगावर आलं की मी तक्त्यासकट बाभळीला चिकटलो. त्याच्या पायांत घुटमळणाऱ्या कोकराला मात्र ते काही म्हणत नव्हतं.

तात्या सावकाश आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, कुत्र्याला हुंगू दिलं. ते खाली बसलं.

“या पेशी अशाच, तात्या. परकं दिसलं की शरीरातल्या लढाऊ पेशींना उठवतात.”

“व्हय? मग सकाळी खाल्लेली भाकरी परकी न्हाय? तिच्यावर का उठवत न्हाईत?”

“ते अन्न असतं.”

“तुला म्हाईत. त्यांना कुणी सांगितलं?”

मी तक्त्याकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

“मास्तर, मघाशी बी तूच, आत्ता बी तूच. मी तुला त्याला निवांत दावला म्हणून निभावलास. काठी उगारली असती, तर त्यानं तुझी प्यांट सोडली नसती.”

घरी जाऊन, ज्या लेखावरून तक्ता केला होता त्याची झेरॉक्स पुन्हा वाचायला घेतली. तेच होतं. पेशी सापडलेल्या परक्याचा तुकडा गळ्याकाखेतल्या गाठींत नेऊन लढाऊ पेशींना दाखवते. जखमेचा, जंतूंचा गलबला असेल तर त्या लढतात. सगळं निवांत असेल तर त्याला सोसायला शिकतात. हे तेव्हा नुकतंच उलगडत होतं. शेवटच्या पानावर होतं. तिथवर मी गेलोच नव्हतो.

तक्ता फाडला. बारामतीत फळ्यावर कुत्रं काढलं, ‘शेळी का?’ असं मागून कुणीतरी विचारलं. भाकरीचा प्रश्न मात्र मी असा टाकला, जणू तो मला रोज न्याहारीला पडतो. टाळ्या झाल्या.

आठवड्यानं पेढे घेऊन कळसला गेलो. कुत्रं तात्यांशेजारी शांत बसलेलं.

“भाकरीचं कुणी इचारलं, ते सांगितलंस का तितं?”

“वेळ जरा कमी पडला, तात्या.”

या खेपेला तात्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही. शेजारची काठी तेवढी उचलली.