चार नंबरच्या बेटाचे मास्तर

मास्तरांनी आयुष्यात एक तासही शाळेत शिकवलं नव्हतं. ते पोस्टमास्तर, म्हणून मास्तर. तसं पाहिलं तर त्यांना आणखी चार हुद्दे होते. हवामानाची नोंद तेच घ्यायचे, जन्ममृत्यूचं रजिस्टर तेच ठेवायचे, बंदराचे निरीक्षक तेच आणि दीपगृहाचे प्रमुखही तेच. पाच पदं आणि खुर्ची मात्र एकच, तीही एका पायानं लंगडी. नियमाला मास्तर इतके पक्के, की हवामानखात्याचा कागद टपालात घालताना एका हातानं तो द्यायचे, दुसऱ्या हातानं घ्यायचे आणि स्वतःच्याच नावे पोच लिहून फाईलला लावायचे. बायको हसायची. म्हणायची, "अहो, उद्या स्वतःवरच वॉरंट काढाल!"

खात्याच्या नकाशात एकूण सात बेटं होती. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. सहा बेटांवर पक्षी आणि खेकडे सोडून कोणी नव्हतं. गोडं पाणीच नव्हतं तिथे. चार नंबरच्या बेटावर मात्र एक झरा होता आणि त्या झऱ्याच्या जिवावर अकरा घरं होती. माणसं त्रेपन्न. दीपगृह बांधायला आलेल्या मजुरांची ही तिसरी-चौथी पिढी. मासे पकडायचे, वाळवायचे, तीन महिन्यांनी येणाऱ्या बोटीत भरायचे, दिव्याची काच पुसायची. मुख्य किनारा बोटीनं चार दिवसांवर. तिथल्या एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं बेट खातं होतं आणि त्या खात्यातल्या एकानंही झऱ्याचं पाणी चाखलेलं नव्हतं.

मास्तर सत्ताविसाव्या वर्षी तिथे आले ते दोन वर्षांच्या बोलीवर. राहिले एकोणीस वर्षं. चौथ्या वर्षी त्यांना मुलगी झाली. बाळंतपण केलं ते मोठ्या काकूंनी. बेटावरची सगळ्यात म्हातारी बाई, शब्दानं फटकळ आणि हातानं मऊ. नाळ कापून त्या म्हणाल्या, "मास्तर, आता तुम्ही पाहुणे नाही हं. पोर इथली, तुम्हीपण इथले." मास्तरांनी त्याच दुपारी रजिस्टर उघडून मुलीची नोंद केली. जन्मस्थळ, बेट नंबर चार. अक्षर इतकं कोरीव काढलं, की शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.

नवव्या वर्षी खात्यातून एक तरुण अधिकारी तपासणीला आला. तीन दिवसांसाठी आलेला माणूस, पण समुद्र खवळला आणि बोट त्याला तसाच टाकून निघून गेली. तीन महिने तो मास्तरांच्या घरी राहिला. त्यातले तीन आठवडे तापानं फणफणत होता. मास्तर त्याच्या उशाशी बसायचे, बायको त्याला चमच्यानं पेज भरवायची. मोठ्या काकू रोज येऊन त्याचे तळपाय चोळायच्या. मुलगी त्याला काका म्हणायला लागली. जाताना धक्क्यावर तो अधिकारी अक्षरशः हमसून रडला. "मास्तर, माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं तुम्ही केलंत," म्हणाला.

पुढे तो चढत चढत खात्याचा प्रमुख झाला. साहेब झाला, पण विसरला नाही. दर बोटीनं त्याचं पत्र यायचं, टंकलेलं नाही, स्वतःच्या हातचं. मोठ्या काकू कशा आहेत? धाकट्या कोळ्याचं लग्न झालं का? यंदा पाळणा कुठे कुठे हलला? बेट सोडून कायमचं कोणी गेलं का? मास्तर पत्र बायकोला वाचून दाखवायचे. "बघ, एवढा मोठा माणूस, पण एकेकाची विचारपूस करतो." मग चार-चार पानी उत्तर लिहायचे. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाच्या घरावर नवं छप्पर चढलं, सगळं बारीकसारीक.

एकोणिसाव्या वर्षी साहेब स्वतः आले. बरोबर दोन मोठ्या बोटी. मुलीसाठी दप्तर आणलं होतं, काकूंसाठी शाल. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मास्तर, पाण्याची टाकी चिरलीय, धक्का खचलाय. यंदा काम मंजूर करून घेतलंय मी. सुरुंग लावावे लागतील, म्हणून दोन महिने बेट रिकामं पाहिजे. लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

टाकी खरंच चिरली होती. धक्का खरंच खचला होता. मास्तरांनीच तशी सात पत्रं लिहिली होती.

ते घरोघर फिरले. दहा घरं तयार झाली. मोठ्या काकू तेवढ्या उंबऱ्यावरून हलेनात. "माझी तीन माणसं या मातीत आहेत. मी कुठे जाऊ?"

"काकू, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"त्या साहेबाचा शब्द मला नको. तुझा सांग."

"माझा शब्द," मास्तर म्हणाले.

काकूंनी शाल तिथेच दोरीवर ठेवली आणि चावी पदराला बांधून निघाल्या.

सगळे बोटीत चढल्यावर साहेबांनी मास्तरांना थांबवून घेतलं. दोघांनी मिळून अकराही घरं पाहिली, दीपगृहाचा जिना चढून उतरले. खाली आल्यावर साहेब म्हणाले, "रजिस्टरमध्ये एक ओळ लिहा. आज रोजी बेटावर एकही मनुष्य नाही. सुरुंगात कोणाला इजा झाली तर ठेकेदार आपल्यावर ढकलायला नको." गोष्ट खरी होती. मास्तरांनी लिहिली, वेळ घातली, सही केली. मग साहेबांनी हात पुढे केला. "रजिस्टर माझ्याकडे द्या. गर्दीत भिजेल."

स्वतःकडूनसुद्धा पोच घेणाऱ्या मास्तरांनी त्या एका माणसाकडे पोच मागितली नाही. मागायचं मनातही आलं नाही.

मुख्य किनाऱ्यावर बंदराजवळच्या एका रिकाम्या गोदामात लोकांची सोय केली होती. चादरी बांधून अकरा कप्पे केले. दोन महिने झाले, तीन झाले, पाच झाले. मास्तर दर सोमवारी तिसऱ्या मजल्यावर जायचे. कधी ठेकेदार बदलत होता, कधी सामान अडकलं होतं. साहेब खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "अहो, मी आहे ना!" मास्तर परत येऊन तेच शब्द गोदामात सांगायचे.

सहाव्या महिन्यात साहेब दौऱ्यावर होते. त्या सोमवारी खात्यातली टंकलेखिका मास्तरांना पाहून उठली. बाई अबोल, इतक्या दिवसांत मान वर करून बोलली नव्हती. तिनं दार लोटलं आणि कपाटातून एक जाड फाईल काढून टेबलावर ठेवली. "मी पाणी प्यायला जाते आहे," म्हणाली. "दहा मिनिटं लागतील मला."

फाईलमध्ये वर सरकारी राजपत्राचं पान होतं. एक ते सात नंबरची सगळी बेटं निर्जन असल्याचं जाहीर करून ती नौदलाला तोफांच्या सरावासाठी देण्यात आली होती. चार नंबरच्या बेटावर हंगामी मजुरांची तात्पुरती वस्ती होती, ती आता उरलेली नाही, असा दाखला खुद्द स्थानिक अधिकाऱ्यानं दिला आहे. खाली मास्तरांची सही. वस्ती असती तर लोकांची सुनावणी घेणं भाग होतं, निर्जन बेटाला एक सही पुरत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मास्तर कदाचित सावरले असते. पण त्यांनी पानं उलटली. फाईल उघडली होती ती बेट रिकामं करण्याच्या दोन वर्षं आधी. आणि त्या दोन वर्षांतली त्यांची सगळी पत्रं तिथे क्रमानं लावलेली होती. चार-चार पानी, बारीक अक्षरातली. जन्म, मृत्यू, लग्न, नवं छप्पर, सगळ्याखाली तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. समासात साहेबांच्याच हातचं, 'एकूण ५३. म्हातारीला आधी वळवावं लागेल. मास्तर करू शकेल.'

काकूंची तब्येत विचारणारं अक्षर तेच होतं.

पुढच्या सोमवारी साहेब भेटले. मास्तर आवाज चढवणारे नव्हतेच. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "साहेब, टाकीचं काम कधी सुरू होणार होतं?"

साहेबांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. "तुम्हाला कळलंय तर. बसा."

"मी खोटं बोललो का हो त्या लोकांशी?"

"तुम्ही काहीच खोटं बोलला नाहीत. तुम्ही लिहिलंत ते अक्षर न अक्षर खरं आहे. हे बघा मास्तर, वरून आलेलं होतं. मी नाही केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं, आणि त्यानं बंदुका नेल्या असत्या. मी शाल नेली."

"आणि पत्रं?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "तुमच्यासाठी इथे जागा ठेवलीय मी. नीट, पंख्याखालची. मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून."

मास्तर म्हणाले, "केसानं गळा कापलात साहेब. तापात तुम्ही पाणी मागायचात, तेव्हा मी दोन्ही हातांनी मान धरायचो तुमची." एवढं बोलून ते जिना उतरले. पंख्याखालची जागा त्यांनी घेतली नाही. त्यानंतर बंदरातल्या एका मालकाकडे गोण्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम धरलं.

गोदामात जाऊन सांगणं त्याहून कठीण होतं. ते मध्ये उभे राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलले, पत्रांचंही लपवलं नाही. वाटलं होतं, कोणी अंगावर धावून येईल. कोणी आलं नाही. एकेक चादर सरकली आणि माणसं आत गेली. मोठ्या काकू तेवढ्या राहिल्या. "मी साहेबाला कधीच मानलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर कशाला रागावू?" पुढे त्या चार महिने जगल्या, पण मास्तरांशी बोलल्या नाहीत.

लोकांनी अर्ज केला, चौकशी समिती बसली. मास्तर साक्षीला गेले. तिघा सदस्यांपुढे म्हणाले, की तीन पिढ्यांची नोंद रजिस्टरमध्ये आहे. खात्यानं कळवलं, असं रजिस्टर दप्तरी नाही. ते आणलं गेल्याची पोच आहे का? नाही. त्या दिवशी बेटावर एकही माणूस नव्हता हे खरं आहे का? मास्तर म्हणाले, "खरं आहे, पण..." लेखनिकानं 'खरं आहे' एवढं लिहून घेतलं. साहेब शेजारच्याच बाकावर होते. संपल्यावर त्यांनी मास्तरांना नमस्कार केला.

अर्ज फेटाळला गेला. अकरा कुटुंबं शहरात जिथे जागा मिळेल तिथे पांगली. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर जन्मस्थळ लिहिलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "ही बेटं निर्जन आहेत बाई, तिथे जन्म कसा होईल? 'समुद्रात' लिहा." ती घरी आली आणि पहिल्यांदाच बापावर ओरडली. "तुम्हाला एक कागद सांभाळता आला नाही, बाबा?" बायकोनं तिला गप्प केलं नाही. मास्तरांनी तेही ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि रजिस्टर आठवून लिहायला बसले. मूळ नोंदी होत्या एकशे त्रेचाळीस. एकोणीस वर्षांतल्या त्यांनी स्वतः केलेल्या. आधीच्या इतक्या वेळा चाळलेल्या, की शाईचे डागसुद्धा डोळ्यांपुढे होते. एकशे सव्वीस जमल्या. उरलेल्यांसाठी पत्ते शोधत दर रविवारी ते शहरभर हिंडायला लागले. बहुतेक दारं उघडायची आणि त्यांचं तोंड दिसलं की लागायची. बायको म्हणायची, "अहो, का स्वतःचा अपमान करून घेता?" पण डबा बांधून द्यायची.

तीन वर्षं हे चाललं. एका रविवारी ते मोठ्या काकूंच्या सुनेच्या दारी गेले. दोनदा परत आले होते तिथून. या वेळी तिनं दार उघडून तसंच धरून ठेवलं. मास्तरांनी वही पुढे केली आणि बोटानं दाखवलं, "काकूंच्या मधल्या मुलाची नोंद. महिना आठवतो, तारीख लागत नाही."

तिनं वाचलं. बराच वेळ वाचलं. मागची पानंही उलटली, तिच्या स्वतःच्या जन्माची नोंद होती तिथे थांबली.

"अकरा," ती म्हणाली. "सकाळची वेळ. आणि नावात ऱ्हस्व लिहिलंय तुम्ही. दीर्घ पाहिजे."

मास्तरांनी तिथेच, जिन्याच्या कठड्यावर वही टेकवून दुरुस्ती केली. मान वर केली तेव्हा दार लागलेलं होतं. त्यांनी पुढच्या पत्त्याचा कागद खिशातून काढला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाचा होता, आणि बस सुटायला अजून वेळ होता, म्हणून ते सावकाश जिना उतरले.