आज काय जेवलात?

समोरच्या गॅलरीत लिमयेकाकू बसलेल्या दिसतात. मांडीवर ताटात मेथी आणि हातात मोबाइल. एका बोटाने टाइप करताना त्यांचे ओठ हलत असतात. नातू जर्मनीत वाढतोय, त्याला मराठी येत नाही, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या काकू जर्मन लिहायला शिकताहेत. सोशल मीडियावर असं शिकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे रोज एक प्रश्न येतो, त्यावर चार ओळी लिहायच्या आणि तिकडची माणसं चुका दुरुस्त करून देतात.

काल त्यांचा डबा परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला दाखवलं. प्रश्न होता, आज काय जेवलात? काकूंनी भलंमोठं उत्तर लिहिलं होतं. अर्थही त्यांनीच सांगितला. ‘मेथीला लसणाची फोडणी दिली, ह्यांना आवडायची तशी. भाकरी एकटीपुरतीच लागते, पण पीठ अजून दोघांचं मळलं जातं.’ खाली कुणा अनोळखी बाईने दोन शब्द सुधारून लिहिलं होतं, ‘उद्याही सांगा.’

परकी भाषा शिकवणारे प्रश्न किती साधे असतात. कशा आहात, झोप लागली का, काय जेवलात. आपणही ते विचारतो, पण जिना उतरता उतरता.

आज मी मुद्दाम कठड्याशी थांबून विचारलं, “काकू, आज काय केलंत जेवायला?”

त्यांनी मान वर केली. “काही नाही गं, आपलं नेहमीचंच,” म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइलवर वाकून लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या.